उसना स्टार्टर

सन दोन हजार सतरा. भाद्रपदाचा वद्य पक्ष, म्हणजे पितृपक्ष. पाऊस जात आला होता, पण गेला नव्हता. भोपाळात, इंद्रपुरीच्या एका गल्लीत, मनोहरराव टेंभेकरांच्या दारात पांढरी मारुती उभी होती. तिच्या पोटात मी होतो. त्या पंधरवड्यात मला तिथून काढले. पुढे जे झाले ते माझ्यामुळे झाले असे गल्लीतले लोक म्हणतात. लोकांचे काय जाते म्हणायला? मी लोखंड आणि तांबे. मी कुणाचे वाकडे केले नाही.

मी स्टार्टर आहे. ज्याला गाडीतले कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. तुम्ही किल्ली फिरवता. बॅटरी मला झटका देते. मी माझे दाते पुढे काढतो, इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकवतो आणि त्या झोपलेल्या धुडाला गदागदा हलवून उठवतो. ते गुरगुरले की मी मागे सरतो. दोन श्वासांचे काम. मग दिवसभर इंजिन मिरवते. लोक म्हणतात, गाडी काय झकास आहे हो तुमची. माझे नाव कुणाच्या तोंडात येते ते मी बिघडल्यावरच, आणि तेही शिवीला जोडून.

मी बिघडत नव्हतो. एवढे अभिमानाने सांगतो. मनोहररावांनी मला बिघडू दिले नाही.

मनोहरराव मूळचे वर्ध्याकडचे. पिपलानीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथेच केस पांढरे करून निवृत्त झाले. समोरच्या घरात विश्वनाथराव वझलवार. तेही विदर्भातले, तेही फिटर, त्याच खात्यातले. नोकरीत असताना दोघांच्या क्वार्टरची भिंत एक होती. निवृत्तीनंतर इंद्रपुरीत घरे घेतली ती समोरासमोर. एकाने मारुती घेतली म्हणून दुसऱ्याने घेतली. रंगही तोच. गाडीला परका हात लावू द्यायचा नाही हा नियमही तोच. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होते, पण त्या गॅरेजवाल्याला या दोन गाड्यांचे बॉनेट आतून कसे दिसते हे माहीत नव्हते.

रविवारी सकाळी दोन्ही दारांत बॉनेट उघडी असत. वर्तमानपत्र पसरायचे, काढलेला भाग त्यावर ठेवायचा, ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने. नट रॉकेलमध्ये धुवायचा आणि परत त्याच्याच बोल्टवर दोन आटे चढवून ठेवायचा, म्हणजे हरवत नाही. कारखान्याची शिस्त. लीलावतीबाई, म्हणजे मनोहररावांच्या घरच्या, चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या पोळपाटाकडे कधी इतकं बघितलं नाहीत."

तर त्या पितृपक्षात विश्वनाथराव आले. हात काळे, तोंड उतरलेले.

"मनोहरराव, माझा स्टार्टर गेला. आतलं वाइंडिंग जळून कोळसा झालंय. भरण्यासारखं राहिलं नाही."

"नवा घ्या."

"पितृपक्ष आहे."

मनोहररावांनी मान डोलावली. या दोन घरांत पितृपक्षात नवी केरसुणीही येत नसे, तिथे स्टार्टर कुठून येणार?

"योगिनीचे दिवस भरलेत," विश्वनाथराव म्हणाले. योगिनी त्यांची मुलगी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. "कुठल्या वेळी दवाखान्यात न्यावं लागेल नेम नाही."

"रिक्षा असतात की."

"या खड्ड्यांतून रिक्षा? नववा महिना आहे हो."

तेवढ्यात लीलावतीबाई काठी टेकत बाहेर आल्या. त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते, त्याला वर्षही झाले नव्हते. "काय रिक्षा रिक्षा लावलंय? द्या तो काढून. आपल्याला कुठं जायचंय?"

"सर्वपित्री झाली की दुसऱ्या दिवशी नवा आणतो, वहिनी. तुमचा तुम्हाला."

"मी दिला असं समजा," बाई हसून म्हणाल्या. "ह्यांच्याकडून नेलात तर रोज गेटात उभे राहतील."

मनोहररावांनी मला स्वतः काढले. आधी बॅटरीची अर्थिंगची तार सोडली, मग माझी जाड तार, मग बारीक. चौदा नंबरच्या पान्याने वरचा बोल्ट. खालच्यासाठी गाडीखाली झोपले. मला दोन्ही हातांवर घेतले, फडक्याने पुसले आणि विश्वनाथरावांच्या हातात दिले. म्हणाले, "जपून."

समोरच्या गाडीत मला बसवले. जागा तीच, माप तेच, पण इंजिन परके. त्याचे दात माझ्या दातांना ओळखत नव्हते. पहिले काही दिवस घरघर झाली. सून नव्या घरात भांडी आपटते तसे. मग बसले जमून. सगळ्यांचेच जमते, न जमून सांगता कुणाला?

एका पहाटे विश्वनाथरावांनी योगिनीला मागच्या सीटवर बसवून किल्ली फिरवली. मी एका झटक्यात इंजिन उठवले. योगिनीला मुलगी झाली. पेढे वाटले. समोर टेंभेकरांकडे पहिला डबा गेला. लीलावतीबाईंनी बाळाची दृष्ट काढली. सगळे गोड.

सर्वपित्री अमावस्या आली आणि गेली. घट बसले.

स्टार्टर काही आला नाही.

विश्वनाथराव लबाड नव्हते. मी त्यांच्या गाडीत होतो, मला माहीत आहे. ते विसरले. गाडी चालत होती, हे त्यांचे पाप. माणसाची चालती वस्तू कुणाची आहे हे त्याला आठवत नाही. बाळाला टोचायला न्यायचे, बाळाला शाहपुऱ्याच्या आत्याला दाखवायला न्यायचे. मधे एकदा आठवले तर म्हणाले, "उद्या जातो." नवरात्रात उद्याला काय तोटा? रोज एक माळ, रोज एक उद्या.

आणि मनोहरराव? ते रोज सकाळी गेटात उभे. समोरची गाडी सुरू झाली की कान देऊन ऐकत. माझा आवाज त्यांना ओळखू यायचा. तोंड मात्र शिवलेले.

"अहो, मागा की," लीलावतीबाई म्हणायच्या.

"त्याला कळायला हवं."

"नाही कळलं तर?"

"तर नाही कळलं."

दिलेली वस्तू मागायला जाणे म्हणजे या माणसाला भीक वाटे. असल्या ताठ कण्याचे मला एके काळी कौतुक होते. मीही वाकत नाही. पण मी वाकलो नाही तर गाडी सुरू होते. हे वाकले नाहीत त्याने काय झाले ते ऐका.

नवमीला दुपारी मुलताईहून फोन आला. लीलावतीबाईंची थोरली बहीण वैजयंती तिथे राहायची. आई लहानपणी गेली तेव्हा याच बहिणीने लीलावतीला वाढवले, वेण्या घातल्या, न्हाऊ घातले, लग्नात पाठवणीला आईच्या जागी उभी राहिली. फोनवर तिचा मुलगा मिलिंद होता. म्हणाला, "मावशी, आई तुझं नाव घेतेय. ये तू."

लीलावतीबाईंनी पिशवी भरली. दोन लुगडी, औषधे आणि बहिणीला आवडतात म्हणून घरातले तिळाचे लाडू. रेल्वेची पायरी त्यांना चढवत नव्हती, बसचीही नाही. एकच मार्ग होता. मारुतीची पुढची सीट मागे सरकवायची, खाली उशी घ्यायची. ऑपरेशननंतर दवाखान्यातून त्या तशाच आल्या होत्या.

मनोहरराव गल्ली ओलांडून आले. महिन्याभरात पहिल्यांदा.

"माझा स्टार्टर हवा. हिला मुलताईला न्यायचंय. वैजयंतीताईंचं जास्त झालंय."

विश्वनाथरावांचे तोंड पांढरे पडले. खरोखर पडले, मी बॉनेटच्या फटीतून पाहिले. "अरे देवा. मनोहरराव, माझ्या डोक्यातून... थांबा, आत्ता काढतो. आत्ता."

ते वळले आणि थबकले.

ओसरीवर पाट मांडला होता. पाटावर लाल कापड. त्यावर सगळे पाने ओळीने, लहानापासून मोठ्यापर्यंत. पक्कड, हातोडी, जॅक. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचे फूल. खंडेनवमी होती. हत्यारांच्या पूजेचा दिवस. त्या दिवशी हत्यार पूजेत बसते, दसरा उजाडल्याशिवाय उचलत नाहीत. कारखान्यात सबंध नोकरीत या दोघांनी नवमीला पान्याला हात लावला नव्हता. एकदा साहेबाने लावायला सांगितला, तर दोघांनी मिळून नाही म्हटले होते आणि ती गोष्ट अजून सांगत.

विश्वनाथराव पाटाकडे पाहत राहिले. मग मनोहररावांकडे.

"उद्या पहाटे," ते म्हणाले. "उजाडायच्या आत काढून देतो."

मनोहररावांचीही हत्यारांची पेटी घरात झेंडूखालीच होती.

"नाहीतर असं करा," विश्वनाथराव खिशातून किल्ली काढत म्हणाले, "माझी गाडी घेऊन जा. आत्ता निघा."

मला वाटले, संपले. घ्या किल्ली, बसा, मी इंजिन उठवतो. मी तर तयारच होतो.

"माझी गाडी दारात आहे," मनोहरराव म्हणाले. "माझी वस्तू परत मिळेना म्हणून दुसऱ्याच्या गाडीतून बायकोला तिच्या माहेरी नेऊ? तिथं काय सांगू?"

योगिनी बाळ घेऊन दारात आली होती. भोपाळात वाढलेली पोर, तिचे बोलणे अर्धे मराठी, अर्धे हिंदी. "काका, इतना क्या सोचना? टॅक्सी कर लेते हैं ना. मी आत्ताच्या आत्ता बोलावते."

"तू आत जा, पोरी. बाळाला वारा लागेल."

भाजीची गाडी घेऊन चाललेला एक जण थांबून ऐकत होता. तो म्हणाला, "अंकलजी, दो-चार लड़कों को बुला लूँ? धक्का मार के स्टार्ट हो जाएगी. एक बार चली तो मुलताई तक बंद मत करना."

त्याचे म्हणणे चूक नव्हते. माझ्याशिवायही गाडी धक्क्यावर उठते.

"मेरी गाड़ी धक्के पे नहीं चलती," मनोहरराव म्हणाले.

यात आणखी एक गोम होती, तीही सांगतो. धक्का मारायला गल्ली जमली असती तर गल्लीने विचारले असते, स्टार्टर कुठे गेला? मग विश्वनाथरावांचे नाव निघाले असते. मित्राची अब्रू अशी रस्त्यावर मांडायची नाही, हेही मनोहररावांच्या मनात होते. याला ते माणुसकी म्हणत. मी काय म्हणतो ते सांगण्यासारखे नाही.

लीलावतीबाई पिशवी घेऊन गेटाशी आल्या होत्या. सगळे ऐकले होते त्यांनी.

"मी कशानंही जाईन," त्या म्हणाल्या. "टॅक्सी आणा. ट्रक आणा. मला ट्रकात टाका."

"दारात गाडी असताना? उद्या पहाटे निघू. दुपारपर्यंत पोचतो. एका रात्रीनं काय होतंय?"

"तुम्हाला काय माहीत काय होतंय?"

"मिलिंद ये म्हणाला. जास्त काही असतं तर बोलला असता."

बाई खुर्ची ओढून गेटाशीच बसल्या. पिशवी मांडीवर. दिवेलागण झाली तरी बसून होत्या. मी समोरून पाहत होतो. माझ्यात एवढी ताकद की झोपलेले इंजिन उठवतो. पण दोन उठलेली माणसे हलवणे मला जमले नाही.

दसऱ्याला उजाडता उजाडता विश्वनाथरावांनी पूजा उचलली. पान्यांवरचे कुंकू पुसायलाही थांबले नाहीत. वरचा बोल्ट काढला, गाडीखाली गेले, खालचा सैल करत होते. तेवढ्यात समोरच्या घरात फोन वाजला. मग लीलावतीबाईंचा रडण्याचा आवाज.

विश्वनाथराव गाडीखाली तसेच पडून राहिले. पाना बोल्टवर तसाच. मग त्यांनी तो बोल्ट काढला. काढायचा म्हणून काढला. मला दोन्ही हातांत घेऊन गल्ली ओलांडली.

"मनोहरराव..."

"आता काय घाई आहे," मनोहरराव म्हणाले. "ठेवा तुमच्याकडंच."

आतून मिलिंदशी बोलणे ऐकू येत होते. तो दुपारपर्यंत अंत्यविधी थांबवतो म्हणत होता. बाई म्हणाल्या, "नको थांबवूस. आता तिला कशाला ताटकळत ठेवतोस?"

त्या गेल्याच नाहीत. तेव्हाही नाही, तेराव्यालाही नाही.

विश्वनाथरावांनी त्याच दिवशी नवा स्टार्टर आणला. दसरा, साडेतीन मुहूर्तांतला एक. त्यांच्या गाडीचे भागले. मी जुन्या बनियनमध्ये गुंडाळून त्यांच्या ओसरीच्या फळीवर पडलो.

नंतर जे चालले ते पाहून कुत्र्यांनाही हसू यावे. विश्वनाथराव मला नेऊन टेंभेकरांच्या गेटाच्या खांबावर ठेवायचे. मनोहरराव मला उचलून वझलवारांच्या पायरीवर ठेवायचे. बोलणे नाही, चालणे नाही. दिवाळीला एकदा, संक्रांतीला एकदा, पाडव्याला एकदा. गल्लीतल्या पोरांनी माझे नाव पार्सल ठेवले. "देखो, मराठी अंकल का पार्सल फिर आ गया." पावसात भिजलो. माझ्या दात्यांवर गंज चढला. ज्याने मला फडक्याने पुसल्याशिवाय कुणाच्या हाती दिले नव्हते, त्यानेच मला चिखलाच्या पायरीवर ठेवले. हे मी विसरलेलो नाही.

तुम्ही म्हणाल, मनोहररावांनी दुसरा स्टार्टर घ्यायचा. घेतला नाही. "माझा आहे, मी दुसरा का घेऊ?" आणि जो त्यांचा होता तो परत घेत नव्हते. यात शहाणपण कुठे आहे ते शोधा. मला सापडले नाही. त्यांची गाडी ताडपत्रीखाली बसली. टायर चपटे झाले. एअर फिल्टरच्या डब्यात खारीने घर केले. घरातही तसेच. लीलावतीबाई विचारले तेवढे बोलत. स्वयंपाक वेळेवर, औषध वेळेवर. चहा आता ओसरीवर येत नसे, ओट्यावर झाकून ठेवलेला असे.

दोन वर्षे अशी गेली. दोन हजार एकोणीसचा मार्गशीर्ष. विश्वनाथरावांचा मुलगा प्रतीक पुण्याला स्थिरावला होता. त्याने घर विकायला लावले. विश्वनाथराव भोपाळ सोडणार होते, कायमचे. सामान बांधले, गाडी विकली. फळीवर मी उरलो.

त्यांनी मला कापडी पिशवीत घातले आणि समोर आले. या वेळी खांबावर ठेवले नाही. थेट ओसरीवर चढले. मनोहरराव खुर्चीत बसले होते.

"मी चाललो, मनोहरराव. हा घ्या. हा माझ्या गळ्यात बांधून मला पुण्याला पाठवू नका."

"कशाला आणलात? सांगितलं ना, ठेवा."

"किती दिवस ठेवू?"

"मला काय विचारता? ज्यानं नेला त्यानं बघावं."

दार उघडले. लीलावतीबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या.

"दिला कुणी होता?" त्यांनी विचारले.

दोघांनीही पिशवीकडे पाहिले.

"मी दिला होता. हे रिक्षा सांगत होते, मी दिला. आठवतंय?" त्यांनी विश्वनाथरावांकडे पाहिले. "आणि दोन वर्षं तुम्ही दोघं तो विटीदांडूसारखा टोलवताय. एकानं तरी मला विचारलं? उसनं कुणाचं आणि मान कुणाचा!"

"चुकलं, वहिनी," विश्वनाथराव म्हणाले. "तुम्ही घ्या. तुमच्या हातात देतो."

"हातात घेऊन काय करू? वरवंटा करू त्याचा? गाडीत बसवा. जिथनं काढला तिथं. तुम्ही बसवा, हे हाताशी राहतील. गाडी चालती करा. मग मला मुलताईला न्या. दोघं मिळून."

मनोहरराव म्हणाले, "आता तिथं कोण आहे?"

"तुम्हाला कोण हवं होतं?" बाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दुसऱ्या सकाळी दोन म्हाताऱ्यांनी ताडपत्री ओढली. वर्तमानपत्र पसरले. बोलणे गरजेपुरते.

"चौदा."

"हा घ्या."

"हा बारा आहे. डोळे गेले का?"

"डोळे आहेत. तुमचा हात कापतोय म्हणून बारा दिसतोय."

खारीचे घर उचलून भिंतीवर ठेवले. टाकीतले कुजलेले पेट्रोल नळी लावून काढले, त्याचा वास गल्लीभर. बॅटरी मेली होती, नवी आली. मागचे ब्रेक चिकटून बसले होते. ड्रम लाकडी हातोडीने ठोकून ठोकून सोडवले, आत कानस मारली. प्लग काढले, त्या भोकांतून तेलाचे थेंब सोडले आणि इंजिन आधी हाताने फिरवून पाहिले, कारण इतके दिवस पडलेले इंजिन एकदम झटक्याने फिरवले तर आतून ओरखडते. माणसांच्या बाबतीतही त्यांना हे कळले असते तर बरे झाले असते.

मग मला घेतले. उघडले. माझ्या पोटातली काळी भुकटी ब्रशने झाडली, तांब्याच्या पट्ट्या पॉलिश कागदाने घासल्या, दात्यांचा गंज काढला, ग्रीस दिले. दोन डोकी माझ्यावर वाकलेली होती. एकमेकांच्या श्वासाचा वास येत असेल इतकी जवळ. विश्वनाथराव हळूच म्हणाले, "मी खरंच विसरलो होतो हो."

मनोहररावांनी वॉशर पुढे केला. "आधी हा," म्हणाले.

खालच्या बोल्टसाठी विश्वनाथराव गाडीखाली गेले. बोल्ट बसला, पण त्यांना उठवेना. कंबर धरली होती. मनोहररावांनी दोन्ही काखांत हात घालून त्यांना ओढून काढले. आभार कुणी मानले नाहीत.

किल्ली फिरली. मी दाते पुढे काढले. आपले इंजिन, ओळखीचे दात. पहिल्यांदा नुसतेच फिरले. दुसऱ्यांदा खोकले. मग पांढरा धूर सोडून उठले. खिडकीत लीलावतीबाई होत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली.

गाडी रोज थोडी थोडी चालवून तिच्यावर भरवसा बसला तेव्हा निघालो. मनोहरराव चालवायला. शेजारी बाई, उशीवर. मागे विश्वनाथराव, पान्यांची पेटी पायांशी. होशंगाबादचा पूल लागला, नर्मदेला बाईंनी हात जोडले. विश्वनाथराव म्हणाले, "इथं जरा थांबू का? इंजिन तापलं असेल."

"मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "मी माल आहे. मला पोचवा."

बरेठ्याच्या घाटात इंजिन कण्हत होते, पण चढले.

मुलताईत मिलिंदचे घर रस्त्याला लागून होते. गाडी खिडकीखाली उभी राहिली. मिलिंदने मावशीला धरून आत नेले. त्याची बायको मंजूषा पाणी घेऊन आली. दोघे म्हातारे अंगणातच उभे राहिले. या म्हटले तरी आत गेले नाहीत.

खिडकी उघडी होती. आत एक खाट होती.

"इथंच असायची," मिलिंद सांगत होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, साधे सांगणे होते. "रस्त्याकडं तोंड करून. त्या शेवटच्या दिवशी बाहेर गाडी वाजली की विचारायची, लीला आली का? मी म्हणायचो, निघालीय."

"मी निघालेच होते रे," लीलावतीबाई म्हणाल्या. "गेटापर्यंत आले होते."

अंगणात विश्वनाथराव भिंत धरून खाली बसले. मनोहररावांनी बॉनेट उघडले आणि आत पाहत राहिले. आत पाहण्यासारखे काही नव्हते. मी होतो फक्त. त्यांनी माझा वरचा बोल्ट हाताने चाचपला. तो घट्टच होता.

बाई खाटेवर बराच वेळ बसल्या. मंजूषाने वाढलेले दोन घास खाल्ले. बाहेर येऊन म्हणाल्या, "चला."

परत इंद्रपुरीत आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. विश्वनाथराव आपल्या दाराशी उतरले. दारात बांधलेले सामान होते. ते गाडीच्या खिडकीशी येऊन वाकले. बाईंनी काच खाली केली.

"विश्वनाथराव," त्या म्हणाल्या, "तुमचं फिटलं."

विश्वनाथरावांनी हात जोडले.

मनोहरराव किल्लीवर हात ठेवून थांबले होते. बाईंनी आपल्या बाजूचे दार स्वतः उघडले, काठी टेकली, मनोहररावांकडे न पाहता गल्ली ओलांडली आणि आपल्या घरात गेल्या.